हुकमाचा ताबेदार



आपल्याकडे ‘हुकमाचा ताबेदार’ हा शब्दप्रयोग फार जुना आहे. तो आपण कौतुकाने वापरतो आणि अंग काढून घेण्यासाठीही वापरतो. कचेरीत काम अडले की कारकून म्हणतो, “मी काय बुवा, हुकमाचा ताबेदार!” आणि दोन्ही हात झटकून मोकळा होतो. बहुतेक वेळा त्यात फारसे बिघडत नाही. फार तर आपला एक हेलपाटा वाढतो. पण ज्याच्या हातात सरकारने बंदूक दिली आहे, त्याने हेच वाक्य म्हटले तर ते पुरे होते काय? सैनिकाला वरिष्ठाचा बेकायदा हुकूम नाकारता येतो की नाही, असा हा आजचा प्रश्न आहे.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो एका विद्यार्थ्याने. मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवतो. वर्गात पनवेल-उरणकडच्या गावांतली मुले असतात, तशी सातारा-सांगलीहून पोटासाठी इकडे आलेल्या घरांतलीही असतात. त्यांतली कितीतरी पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. कुणाला फौजेत जायचे असते, कुणाला पोलिसांत. एकदा तास संपल्यावर त्यांतला एक मागे रेंगाळला. म्हणाला, “सर, भरती झाल्यावर साहेबांचा हुकूम मानावाच लागतो ना?”

मी म्हटले, “अरे, मानावाच लागतो. त्याशिवाय फौज कशी चालेल?”

“आणि तो हुकूमच बेकायदा असला तर?”

त्या दिवशी मी त्याला काहीतरी अर्धेमुर्धे सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आज तो आपल्या साक्षीने पुरता सोडवून पाहावा म्हणतो. कारण हा प्रश्न काही त्या एकट्या मुलाचा नाही. ज्या ज्या घरातला मुलगा गणवेश घालतो, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

सुरुवात आपण आपल्याच इतिहासापासून करू. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवे अठरा वर्षांचे होते. पगार थकला म्हणून गारदी वाड्यात शिरले आणि जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, गळ्यात मिठी घालणाऱ्या त्या पोराला त्यांनी तिथेच कापून काढले. या प्रसंगाची एक आख्यायिका शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. रघुनाथरावांच्या चिठ्ठीत नारायणरावांना ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. त्यावरून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला.

ही गोष्ट शिकवताना आपला सगळा जोर त्या एका अक्षरावर असतो. अक्षर कुणी बदलले? का बदलले? बदलले की नाही? पण एक प्रश्न आपण मुलांना सहसा विचारत नाही. समजा, कुणी काही बदलले नाही. समजा, चिठ्ठीत पहिल्यापासूनच ‘मारावे’ असे स्वच्छ अक्षरात होते. मग गारद्यांनी मारावे काय? ज्या धन्याचे मीठ खाल्ले, ज्याच्या वाड्याची राखण करायची, त्यालाच मारण्याचा कागद हाती आला म्हणून खून हा खून राहत नाही काय?

त्या काळच्या न्यायानेही या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि हुकूम देणाऱ्या रघुनाथरावांना दोषी ठरवले, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने आठवते. पण पुढची हकीकत आपण विसरतो. गारद्यांच्या म्होरक्यांपैकी जे नंतर हाती लागले, त्यांनाही देहान्ताची शिक्षा झाली. म्हणजे हुकूम देणारा दोषी ठरला म्हणून हुकूम बजावणारा सुटला नाही. एकाच अपराधाचे दोघे धनी ठरले.

आता दुसरी बाजू पाहू, कारण ती फार बळकट आहे. फौज ही हुकमावर चालते. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांवर आपल्या जवानांना रात्रीच्या अंधारात, वरून गोळ्या येत असताना कडे चढून जाण्याचे हुकूम होत होते. त्या वेळी प्रत्येकाने थांबून ‘हा हुकूम शहाणपणाचा आहे का?’ असा वाद घातला असता, तर एकही शिखर परत मिळाले नसते. शिपाई हुकमावर मरायला तयार होतो, म्हणून तर आपण घरी निवांत झोपतो. तेव्हा ‘पटला तर हुकूम मानीन, नाही तर नाही’ असे म्हणणारी फौज ही फौज राहत नाही, ती टोळी होते. आणि हातात शस्त्रे असलेली टोळी गावाला काय करते, हे सांगायला नको.

म्हणून आपला १९५० सालचा सेना अधिनियम या बाबतीत कडक आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे वरिष्ठाचा हुकूम जाणूनबुजून, उद्दामपणे मोडणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कैद चौदा वर्षांची, तेव्हा हे कलम नीट वाचले पाहिजे. त्यात नुसता ‘हुकूम’ असे म्हटलेले नाही. ‘कायदेशीर हुकूम’ असे म्हटले आहे. हा एक शब्द तिथे उगाच पडलेला नाही. कायदेशीर हुकूम मोडला तर गुन्हा. जो हुकूम कायदेशीरच नाही, तो मोडल्याचा गुन्हा या कलमात बसत नाही.

सैनिकाची शपथही अशीच लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. जमिनीवरून, समुद्रावरून किंवा आकाशातून जिथे पाठवाल तिथे जाईन, जिवाला धोका असला तरी वरिष्ठांचे हुकूम पाळीन, असे तो म्हणतो. पण हे सारे म्हणण्याआधी तो निष्ठा वाहतो ती भारताच्या संविधानाला. हुकूम नंतर येतो, संविधान आधी. ज्या साहेबाचा हुकूम तो पाळणार, त्या साहेबानेही हीच निष्ठा वाहिलेली असते.

आणखी एक कायदा पाहू. १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या कलम ७६ मध्ये एक उदाहरण दिले होते. वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, शिपाई जमावावर गोळी झाडतो. त्याने गुन्हा केलेला नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे उदाहरण तिच्या कलम १४ मध्ये कायम आहे. पाहा, त्यात अटी दोन आहेत. वरिष्ठाचा हुकूम हवा, आणि तो कायद्याला धरून हवा. पहिली अट पुरी झाली म्हणजे दुसरी आपोआप पुरी होते, असे कायदा म्हणत नाही.

मग आपण म्हणाल, “अहो, शिपाई काय वकील आहे? समोर दगडफेक चालली आहे, साहेब ओरडताहेत, आणि त्याने काय पुस्तक उघडून बसायचे?” शंका अगदी रास्त आहे. कायद्यानेही तिचा विचार केला आहे. दंगा आवरण्यासाठी दंडाधिकाऱ्याने सैन्य बोलावले, अधिकाऱ्याने हुकूम दिला, आणि जो हुकूम पाळणे शिपायाला भागच होते तो त्याने पाळला, तर त्याला गुन्हेगार धरत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ मध्ये ही सोय आहे. मात्र त्याच्याआधीचे कलम १४९ असेही बजावते की, बळ लागेल तेवढेच, कमीत कमी वापरावे आणि माणसांना व मालमत्तेला इजा कमीत कमी करावी. हुकूम देणाऱ्याची माहिती चुकीची होती, पण ती खरी मानायला शिपायाजवळ प्रामाणिक कारण होते, तरीही कायदा त्याला सांभाळून घेतो. संशयाच्या जागी शिपायाने हुकूम पाळावा, हाच सरळ मार्ग आहे.

पण प्रत्येक जागा संशयाची नसते. हे मी आपल्याला शेतातल्या भाषेत सांगतो. दोन शेजाऱ्यांत बांधावरून तंटा असतो. एक म्हणतो, तू हातभर बांध कोरलास. दुसरा म्हणतो, नाही कोरला. तो हातभर कुणाचा, हे ठरवायला मोजणीदार आणावा लागतो, नकाशा काढावा लागतो. पण एखाद्याने आपला नांगर नेऊन शेजाऱ्याच्या वावराच्या अगदी मधोमध घातला, तर मोजणी लागते का हो? गडीमाणूससुद्धा म्हणेल, “मालक, हे रान आपलं नव्हं.” हुकमांचेही तसेच आहे. काही हुकूम बांधावरचे असतात; त्यांचा निवाडा नंतर न्यायालयाने करावा. पण हात बांधलेल्या कैद्याला गोळी घाल, शरण आलेल्याला मार, गुन्हा कबूल करावा म्हणून कोठडीतल्या माणसाचे हाल कर, कुणाच्या बायकामुलींच्या अंगाला हात लाव – हा दुसऱ्याच्या वावरात घातलेला नांगर आहे. तो ओळखायला कलमे पाठ असावी लागत नाहीत.

हुकूम धोक्याचा आहे म्हणून तो बेकायदा ठरत नाही. हुकूम कष्टाचा आहे, अपमानाचा वाटतो, साहेबांनी माझ्यावर डूख धरून मलाच तो दिला, किंवा मला तो मूर्खपणाचा वाटतो – यांतल्या कशानेही तो बेकायदा होत नाही. असा हुकूम आधी पाळावा आणि मग रीतसर तक्रार करावी. नाकारायचा तो फक्त असा हुकूम, की जो पाळणे हाच उघड गुन्हा आहे.

हा फरक एका न्यायालयाने फार नेमका सांगितला आहे. १९५६ सालच्या ऑक्टोबरची २९ तारीख. इस्राएलमध्ये कफर कासिम नावाचे अरबांचे एक गाव आहे. त्या दिवशी तिथे संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लावली, आणि ती ऐनवेळी जाहीर केली. गावातली माणसे शेतावर, कामावर गेलेली. त्यांना याचा पत्ताही नव्हता. जो बाहेर दिसेल त्याला गोळी घाला, असा हुकूम सीमा पोलिसांना होता. सायकलींवरून, गाड्यांतून घरी परतणाऱ्या या कष्टकऱ्यांना गावाच्या वेशीवर थांबवून गोळ्या घातल्या. बायका आणि मुले धरून सुमारे पन्नास माणसे मेली. पण याच हकीकतीचा दुसरा भाग ऐका. हाच हुकूम शेजारच्या गावांनाही लागू होता. तिथले अधिकारी त्याच पलटणीतले होते. त्यांनी परतणाऱ्या लोकांना घरी जाऊ दिले. हुकूम तोच, संध्याकाळ तीच, आणि एका गावात प्रेतांची रांग लागली तर दुसऱ्या गावात चुली पेटल्या.

१९५८ साली न्यायालयाने हुकमाची सबब फेटाळून लावली. काही हुकूम असे असतात की त्यांच्यावर जणू काळे निशाण फडकत असते आणि ‘पुढे जाऊ नका’ असे ते सांगत असते, या अर्थाचे शब्द निकालात आले. दोषी ठरलेल्यांच्या शिक्षा पुढे बऱ्याच कमी झाल्या, हेही सांगितले पाहिजे. पण तत्त्व राहिले. त्याआधी न्यूरेंबर्गला जर्मनीच्या युद्धगुन्हेगारांवर खटले चालले होते. ‘वरून हुकूम होता’ या सबबीने गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षेत सवलत मिळू शकेल, असा नियम त्या न्यायालयासाठी १९४५ सालीच घातलेला होता.

“हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे काय?” असे कुणी विचारील. तर आपल्याकडे म्हणजे अगदी माझ्या दाराशी, वाशीला काय घडले ते सांगतो. त्यातली माणसे सैनिक नव्हती, पोलीस होते. पण हुकमाचा प्रश्न दोघांनाही एकच आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीतून दोन माणसांना साध्या वेशातल्या लोकांनी उचलून नेले. घरच्यांनी त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा करून कळवले. संध्याकाळी त्या दोघांपैकी एक जण मुंबईत वर्सोव्याला गोळ्या लागून मेलेला होता, आणि पोलिसांच्या कागदात ती ‘चकमक’ होती. मेलेल्या माणसाचा भाऊ वकील होता. त्याने पाठ सोडली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, चौकशी झाली, खटला उभा राहिला.

त्यातल्या काही आरोपी पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १३ मे २०११ रोजी त्या न्यायालयाने जामीन तर दिला नाहीच, उलट देशातल्या सर्व पोलिसांसाठी एक इशारा निकालात लिहून ठेवला. न्यूरेंबर्गचा दाखला देऊन न्यायालय म्हणाले की, तिथेही आरोपींनी ‘हुकूम तो हुकूम’ असेच म्हटले होते, तरी त्यांना फाशी झाली. वरिष्ठाने खोट्या चकमकीचा बेकायदा हुकूम दिला, तर तो नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे. नाही तर त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला जाईल. लक्षात घ्या, न्यायालय ‘नाकारता येईल’ एवढे म्हणून थांबले नाही. ‘नाकारणे हे कर्तव्य आहे’ असे म्हणाले.

२०१३ साली सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या बारा पोलिसांची आणि एका इतर व्यक्तीची शिक्षा कायम केली, सहा जणांना सोडले, आणि आधी सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी ठरवले. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेरचा शब्द त्या न्यायालयाचा. पण आपल्या प्रश्नापुरते एवढे दिसले की, त्या पिंजऱ्यात साहेब होते आणि साधे शिपाईही होते.

सैन्याच्या बाबतीतही वेगळे नाही. मणिपूरमधल्या मृत्यूंच्या प्रकरणात जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सैनिकाने गुन्हा केला असेल तर फौजदारी न्यायालयापासून त्याला सरसकट अभय नाही. आणि युद्धात शरण आलेल्याला मारणे हा तर जिनिव्हा करारांचा भंग आहे. ते करार भारताने मान्य केले असून १९६० साली त्यांचा कायदाही केला आहे.

इथवर उत्तर सोपे वाटते. पण मी जर इथेच थांबलो, तर त्या मुलाला फसवल्यासारखे होईल. नाकारणाऱ्याला किंमत द्यावी लागते, हे त्याला सांगितले पाहिजे.

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाण सत्याग्रही जमले होते. गढवाल रायफल्सच्या जवानांना त्यांच्यावर गोळी चालवण्याचा हुकूम झाला. हवालदार चंद्रसिंह गढवाली यांनी आपल्या जवानांना गोळी न चालवण्यास सांगितले, आणि जवानांनी ती चालवली नाही. त्यांनी साहेबांवर बंदुका रोखल्या नाहीत, पळून गेले नाहीत. पुढे त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, इतरांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा झाल्या. चंद्रसिंह १९४१ साली सुटले. १९९४ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. तोपर्यंत ते हयात नव्हते. तिकीट निघाले हे चांगलेच झाले, पण त्याने तुरुंगातली अकरा वर्षे परत मिळत नाहीत.

या प्रसंगी महात्मा गांधींनी काय म्हटले, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. ते स्वतः अहिंसेचे उपासक. पण १९३२ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यांनी या जवानांची बाजू घेतली नाही. शिपायाने शपथ घेतलेली आहे, ती तो मोडतो. आणि उद्या स्वराज्यात मलाही याच शिपायांकडून काम घ्यायचे आहे, आज मी त्यांना हुकूम मोडायला शिकवले तर उद्या ते माझाही मोडतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. राज्य कुणाचे आहे, सरकार मला आवडते की नाही, यावरून शिपाई हुकूम पाळू किंवा मोडू लागला, तर गांधीजींची भीती खरी ठरेल. आज एका पक्षाचा हुकूम मोडील, उद्या दुसऱ्याचा. पण हुकूम कुणाचाही असो, तो पाळणे हाच उघड गुन्हा असेल, तर तो नाकारणारा शिपाई शपथ मोडत नाही, उलट ती पाळतो. असा शिपाई स्वराज्यालाही हवाच आहे. किंबहुना स्वराज्यालाच तो अधिक हवा आहे, कारण समोर उभी असलेली माणसे आता परक्या राजाची प्रजा नाहीत, त्याच्याच देशाचे मालक आहेत.

म्हणूनच नाकारणे आणि बंड करणे यांतही फरक ठेवला पाहिजे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर निकृष्ट अन्न आणि अपमानाची भाषा यांवरून खलाशांनी संप केला, आणि पाहता पाहता तो परक्या सत्तेविरुद्धचा उठाव झाला. त्याचे मोल इतिहासात आहे. पण तो सगळीच सत्ता नाकारण्याचा प्रकार होता. आपला प्रश्न त्याहून लहान आहे, आणि रोजचा आहे. सत्ता मान्य आहे, साहेब मान्य आहेत, गणवेशाचा अभिमान आहे. फक्त हा एक हुकूम मान्य नाही. हे कसे सांगायचे?

अनुभवी माणसांच्या वागण्यातून आणि कायद्यातून जे हाती लागते ते असे. पहिली गोष्ट, हुकूम नीट समजून घ्यावा. “साहेब, आपला हुकूम पुन्हा सांगावा,” असे आदराने म्हणावे. कित्येक वाईट हुकूम मोठ्याने पुन्हा सांगताना देणाऱ्याच्याच तोंडात अडकतात. दुसरी, शक्य असेल तर तो लेखी मागावा. तिसरी, नकार उघड द्यावा, ‘हे मला करता येणार नाही’ असे स्वच्छ सांगावे. बंदूक बिघडल्याचे सोंग करू नये. चौथी, नकार स्वतःपुरता द्यावा. शस्त्र उगारू नये, टोळी जमवू नये. कारण सामुदायिक बंडाला सेना अधिनियमात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. पाचवी, जे घडले ते वेळ-तारखेसह वरच्या अधिकाऱ्याला लवकरात लवकर कळवावे. आणि सहावी, होईल ते सोसायची तयारी ठेवावी. बदली होईल, खातेनिहाय चौकशी होईल, सोबतीचे लोक तोंड फिरवतील. यातले काही होणार नाही असे त्याला सांगणे खोटेपणाचे होईल.

आता थोडे आपल्याविषयी. कारण शिपायाला नैतिक धैर्याचा उपदेश करणे फार सोपे आहे. तो एकटा तिथे उभा असतो, आणि आपण इथे. खोट्या चकमकीची बातमी आली की चावडीवर आपणच म्हणतो ना, “बरं झालं, एक गेला! कोर्टकज्जे कशाला?” आपणच पेढे वाटतो, आपणच फटाके वाजवतो. मग ज्या पोराने ‘साहेब, हे जमणार नाही’ म्हणायचे, त्याच्या पाठीशी उभे कोण राहणार? बेकायदा हुकूम हा नेहमी एकट्या साहेबाच्या डोक्यातून निघत नाही. त्याच्या मागे आपल्या टाळ्याही असतात.

शिक्षक बंधुभगिनींना मला एक लहानसे सांगायचे आहे. आपण वर्गातून बाहेर जाताना मॉनिटरला कधी रागाच्या भरात सांगतो, “जो दंगा करील त्याच्या कानफटात मार.” एखादा मॉनिटर मारतो, आणि त्यात त्याला गोडीही लागते. एखादा मात्र म्हणतो, “गुरुजी, मी नावं लिहून ठेवतो, पण मारणार नाही.” या दुसऱ्या मुलाचे आपण काय करतो? त्याला उद्धट म्हणून खाली बसवतो, की ‘बरोबर बोललास’ म्हणतो? पुढे वीस वर्षांनी कुठल्यातरी नाक्यावर, कुठल्यातरी कोठडीत काय घडणार, याची थोडीशी तरी तयारी त्या क्षणी होत असते. शिस्त आणि मुकाट्याने मान हलवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला फौजेत शिकायला मिळेल न मिळेल. शाळेत मात्र शिकवता येते.

आणि आईवडिलांना सांगायचे ते एवढेच. मुलगा गणवेशात आहे म्हणून आपण मिरवतो, ते योग्यच आहे. पण त्याला एकदा जवळ बसवून सांगून ठेवा, “बाळा, साहेबांचं ऐक. अडचणीचं काम आलं तरी मागं हटू नकोस. पण निहत्त्या माणसावर हात टाकायला सांगितलं तर टाकू नकोस. नोकरी गेली तरी घरचं दार उघडं आहे.” हे शेवटचे वाक्य त्याला फार बळ देईल. पुष्कळ माणसे वाईट काम वाईटपणामुळे करत नाहीत. नोकरी गेली तर घरी तोंड कसे दाखवू, या भीतीने करतात.

त्या विद्यार्थ्याला मी आता काय सांगेन? मी सांगेन, “अरे, हुकूम मानावाच लागतो, हे मी तुला म्हटलं ते अर्धं खरं होतं. कायदेशीर हुकूम मानावाच लागतो, जिवावर बेतलं तरी. संशय असेल तर पाळ. पण उघड गुन्हा करायला सांगणारा हुकूम हा तुझ्यासाठी हुकूमच नाही. तो पाळलास, तर उद्या न्यायाधीश तुला ‘हुकूम कुणाचा होता?’ एवढंच विचारून सोडणार नाहीत, ‘गोळी कुणी झाडली?’ हेही विचारतील. आणि तिथं तुझे साहेब तुझ्या जागी उभे राहणार नाहीत.”

शनिवारवाड्यातल्या त्या चिठ्ठीत ‘ध’ होता की ‘मा’, यावर इतिहासाचे अभ्यासक वाद घालोत. पण ही गोष्ट पुढच्या वेळी मुलांना सांगाल, तेव्हा तो दुसरा प्रश्नही त्यांना जरूर विचारा. ‘मा’ असता, तरी गारद्यांनी मारायला हवे होते का? मुले काय उत्तर देतात, ते शांतपणे ऐकून घ्या.